तगरचं कापड कुणी विणलं?



उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या बुद्धविहारातल्या अभ्यासिकेत मी पोरांसाठी सामान्य ज्ञानाचा तास घेतो. कुणी पोलीस भरतीच्या तयारीत असतो, कुणी तलाठ्याच्या, बारकी पोरं शिष्यवृत्तीच्या. यंदा कुणीतरी बाजारातून देशोदेशींच्या रंजक माहितीचं एक पातळसं पुस्तक आणलं होतं. त्या दिवशी इटलीची पाळी होती. नववीतली एक मुलगी उभी राहून घडाघडा वाचत होती. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो. जगातला सगळ्यात लहान देश व्हॅटिकन सिटी हा रोम शहराच्या पोटातच आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेई नावाचं अख्खं शहर राखेखाली गाडलं गेलं.

मी तिला थांबवलं. विचारलं, "त्या पाँपेईच्या राखेत आपल्या देशातली एक वस्तू सापडली होती. कुणाला माहीत आहे?"

सगळे गप्प.

"बरं, तेरला कोण कोण जाऊन आलंय?"

चार हात वर झाले. चौघंही गोरोबाकाकांच्या यात्रेला गेलेले. तिथलं वस्तुसंग्रहालय एकानंही बघितलेलं नव्हतं.

मित्रांनो, धाराशिवहून तेर विसेक किलोमीटर. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला घरी परत. रोम हजारो किलोमीटर लांब. आमच्या पोरांना रोम तोंडपाठ आहे आणि तेर माहीत नाही. यात पोरांचा दोष नाही. परीक्षेत रोम विचारतात, तेर विचारत नाहीत. पण आपण, जे स्वतःला चळवळीतले म्हणवतो, त्यांनी तरी तेर कधी विचारलं?

पुढच्या रविवारी एक जीप ठरवली, पोरांना कोंबलं आणि तेरला नेलं. त्या एका दिवसानं माझ्या डोक्यात जे सुरू झालं, ते आज लिहून काढतोय.

तेर हे तेरणा नदीच्या काठचं गाव. आज साधं गाव दिसतं, पण दोन हजार वर्षांपूर्वी याला 'तगर' म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या कुणा व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती देणारं एक पुस्तक लिहिलं. 'पेरिप्लस' या नावानं ते ओळखलं जातं. त्यात तो सांगतो की बॅरिगाझा, म्हणजे आजचं भडोच, या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथून गाड्यांवर माल लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून तो भडोचला येतो. माल काय? साधं कापड भरपूर, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि आणखी एका जातीचं कापड. पुढं टॉलेमीनंही तगरचं नाव घेतलं. हे तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव यावर विद्वानांनी बरीच वर्षं वाद घातला. शेवटी १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे मांडलं आणि आज ते सर्वमान्य आहे. १९५८ साली बी. एन. चापेकर यांनी इथं उत्खनन केलं.

संग्रहालय पाहून पोरं हरखून गेली. सातवाहनकाळातली नाणी, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती. हे संग्रहालय कसं उभं राहिलं, हीसुद्धा सांगण्यासारखी गोष्ट आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या टेकाडांवर पावसानं उघड्या पडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. लोकांच्या लेखी ती फुटकी खापरं होती. त्याच संग्रहातून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. पदवी नसलेला, पण नजर असलेला एक गावचा माणूस काय करू शकतो ते बघा.

मी मोठ्या रुबाबात पोरांना सांगत होतो, "आपल्या धाराशिव जिल्ह्याचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं."

तेव्हा त्याच नववीतल्या मुलीनं विचारलं, "काका, ते कापड विणलं कुणी?"

मी म्हणालो, "विणकरांनी."

"ते कोण होते? कुठं राहत होते? त्यांचं नाव लिहिलंय का कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या रुबाबाची हवाच निघाली. परत येताना जीपमध्ये पोरं गाणी म्हणत होती आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरत होता. कुणी?

देशाची 'रंजक माहिती' ज्या भाषेत लिहिली जाते, तिचं व्याकरण जरा नीट बघा. किल्ला बांधण्यात आला. धरण उभारण्यात आलं. कापड निर्यात केलं जाई. वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता गायब आहे. जिथं कर्ता येतो तिथं तो राजा असतो, सुलतान असतो, नाहीतर सेनापती. शाळेत हे शिकताना कुणाला काही खटकत नाही. सवय झालेली असते.

आपल्याच जिल्ह्यातला नळदुर्गचा किल्ला घ्या. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात पाणी सांडव्यावरून कोसळतं तेव्हा नर आणि मादी या दोन धबधब्यांमागच्या त्या महालात उभं राहून बाहेरचं पाणी बघायचं, आणि आत तुम्ही कोरडेच. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास हे काम झालं. सुलतानाचं नाव पुस्तकात मिळतं. तो दगड कुणी फोडला, कुणी वाहिला, चुना कुणी मळला, बंधाऱ्याच्या पायात किती जण दगावले, हे मिळत नाही.

आता मी माझ्या घरातली एक माहिती सांगतो. ती कुठल्याही पुस्तकात नाही. १९७२ च्या दुष्काळात माझा बाप आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, बालाघाटाच्या डोंगररांगांतला. खाली काळा कातळ, वर पातळ माती. त्या साली विहिरी पार तळाला गेल्या होत्या. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्यावर हातोडीचा घाव बसल्याची खूण शेवटपर्यंत होती. ज्या रस्त्यावर ती खडी पडली, त्याच रस्त्यानं आमची जीप तेरच्या दिशेनं गेली. रस्त्यावर आता डांबर आहे आणि कडेला एका पुढाऱ्याच्या नावाची कोनशिला. माझ्या आईबापाचं नाव त्या रस्त्यावर कुठंच नाही. मग तगरच्या विणकराचं नाव मिळेल अशी आशा मी कुठल्या तोंडानं करू?

पण प्रश्न विचारला की शोध सुरू होतो. त्या मुलीच्या प्रश्नानं मला कपाटातली पुस्तकं पुन्हा उघडायला लावली, आणि जे सापडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे. पेरिप्लसच्या लेखकापासून तो काळ फार लांब नाही. त्यात लिहिलंय की भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापणं कायमची ठेव म्हणून ठेवली. कुणाकडे? सावकाराकडे नाही, राजाच्या खजिन्यातही नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे! एका श्रेणीकडे दोन हजार, महिन्याला शेकडा एक या व्याजानं. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, महिन्याला शेकडा पाऊण या व्याजानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं मिळायची.

दोन हजारांवर शेकडा एक, म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजे पुन्हा दोनशे चाळीस. मी पोरांकडून हे गणित फळ्यावर सोडवून घेतलं. हिशेब तंतोतंत जुळला तेव्हा आख्खी अभ्यासिका ओरडली. दोन हजार वर्षांपूर्वीचं आर्थिक व्यवहाराचं कागदपत्र, दगडावरचं, आणि त्यातली पत कुणाची? हातमागावर बसणाऱ्या माणसांची. राजाचा जावई ज्यांच्याकडे कायमची ठेव ठेवतो, ती माणसं त्या समाजात कुणीतरी होती.

कार्ल्याच्या चैत्याला दार करून देणारा एक सुतार आहे, त्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गावाचं नाव लिहून ठेवलंय. कोकणात कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे. सगळ्या कष्टकऱ्यांची नावं भिंतीवर आली असं मी म्हणत नाही. डोंगर पोखरणाऱ्या पाथरवटांची बहुतेक नावं तिथंही नाहीत. पण धंद्याचं नाव लावायला लाज वाटत नव्हती, उलट ते धम्माच्या भिंतीवर अभिमानानं कोरलं जात होतं, एवढं तरी या लेखांवरून म्हणता येतं. कर्त्याचं नाव लिहिण्याची रीत या मातीत होती. ती कुठं आणि कशी हरवली, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

तगरच्या विणकराचं नाव मला अजूनही सापडलेलं नाही. एक कार्यकर्ता मित्र म्हणाला, "लिहून टाक ना, आपल्याच लोकांनी विणलं." मी नाही म्हणालो. आजची जातींची नावं उचलून दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना चिकटवायची, तर त्याला पुरावा पाहिजे. माझ्याकडे तो नाही.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. मी स्वतः चूक करून शिकलोय, म्हणून सांगतोय.

काही वर्षांपूर्वी एका गावात जयंतीच्या व्यासपीठावर मी छातीठोकपणे बोललो होतो. पाँपेईत १९३८ साली वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ज्वालामुखी इसवी सन ७९ मध्ये उसळला, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथं पोहोचलेली. ती भारतीय आहे यात वाद नाही. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती मूर्ती तिच्याशी फार जुळते. एवढ्यावर मी म्हणालो, "बंधूंनो, ती मूर्ती आपल्या तेरच्या कारागिरानंच केली, आणि तो कारागीर बौद्धच होता." टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा जवळ आला. म्हणाला, "सर, जय भीम. त्या पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे म्हणतात. खरोष्ठी तर वायव्य भारतातली लिपी ना? मग तेरचीच कशावरून? आणि कारागीर बौद्ध होता हे कुठं आलंय?"

माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. खरी गोष्ट अशी की जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही तशीच हस्तिदंती मूर्ती मिळालीय. त्यामुळे पाँपेईची मूर्ती दख्खनमधली असावी असं काही अभ्यासक मानतात, काही खरोष्ठी अक्षराकडे बोट दाखवून वायव्येकडची म्हणतात. तेरशी तिचं साम्य आहे, हे पक्कं. तेरलाच घडली, हे पक्कं नाही. या दोन वाक्यांमधलं अंतर मी टाळ्यांसाठी बुजवलं होतं. त्या पोराचे मी आभार मानले. मनातून मात्र शरमलो. पुराणिक कथेकऱ्याच्या आणि माझ्या बोलण्यात त्या संध्याकाळी काय फरक उरला होता?

तेरच्याच त्रिविक्रम मंदिराचं बघा. पोरांना मी मागच्या बाजूला नेलं. समोरून मंदिर, मागून भिंत गोलाकार. हत्ती बसल्यावर त्याची पाठ दिसावी तशी. म्हणून या रचनेला गजपृष्ठाकार म्हणतात. विटांची ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह आहे, हे हेन्री कझिन्स यांनी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ओळखलं. तेरला उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळालेत. इथं आपल्या हातात वीट आहे, आकार आहे, तज्ज्ञांचं मत आहे. इथं ठामपणे बोला, कुणाला भिऊ नका.

आता धाराशिव शहराजवळची लेणी. तिथं गोष्ट गुंतागुंतीची आहे. बर्जेस यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांना जैन लेणी मानलं. 'करकंडचरिउ' या अपभ्रंश भाषेतल्या जैन काव्यात तेरजवळच्या लेण्यांची कथा येते. पुढच्या काही अभ्यासकांनी ही लेणी आधी बौद्ध होती आणि नंतर जैन झाली असं मांडलं. मग आपण काय सांगायचं? जे आहे ते सांगायचं. वाद आहे, दोन्ही बाजूंचं म्हणणं असं असं आहे, या बघा आणि स्वतः विचार करा. जैनही श्रमण परंपरेचेच. त्यांची खूण पुसून आपली मोठी होत नाही.

काही मित्रांना हे मिळमिळीत वाटेल. "समोरचे बिनपुराव्याचं बोलतात, मग आपणच का पुरावा शोधत बसायचं?" असं मला तोंडावर विचारलं गेलंय. माझं उत्तर असं आहे. समोरच्याकडे सत्ता आहे, देऊळ आहे, पाठ्यपुस्तक आहे, त्याचं खोटं शतकानुशतकं चाललं. आपलं एक खोटं सापडलं की आपली शंभर खरी वाक्यं कचऱ्यात जातात. आपल्याकडे पुरावा सोडून दुसरं भांडवल आहेच काय?

आणि बाबासाहेबांची रीत कोणती होती? १९४८ साली आलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय की अस्पृश्यतेच्या उगमाचा थेट पुरावा मिळत नाही, दुवे तुटलेले आहेत, तिथं तर्क आणि कल्पनाशक्ती वापरावी लागते, आणि हे सिद्धान्त तपासून बघण्यासाठी मांडले आहेत. पुरावा कुठं संपतो आणि अंदाज कुठं सुरू होतो, ती रेघ त्यांनी वाचकाला दाखवली. एवढ्या मोठ्या विद्वानाला रेघ दाखवायला कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

आता नावाकडे येतो, कारण गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्याबद्दल बाहेरच्या माणसाला एकच माहिती असते, नाव बदललं. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून हे उस्मानाबाद झालं होतं, २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झालं. धाराशिव हे जुनंच नाव आहे, आमची आजी कधी दुसरं नाव बोललीच नाही. पण नावाचं मोल काय असतं हे आपल्याइतकं कुणाला कळणार? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. जिल्ह्याचं नाव बदललं त्या दिवशी फटाके वाजले. वस्तीचं नाव किती गावांत बदललं, बदललं तर लोकांच्या तोंडी आलं का, हे तुम्ही आपापल्या गावात जाऊन बघा. आमच्याकडे पाटीवर नवं नाव आहे. पत्ता सांगताना लोक अजून जुनंच सांगतात.

म्हणून मी पोरांना दुसऱ्या सहलीला कसबे तडवळ्याला नेलं.

धाराशिव जिल्ह्याच्या रंजक माहितीत तुळजापूर असतं, नळदुर्ग, परंडा असतात, उस्मानाबादी शेळीसुद्धा असते. तडवळं नसतं. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला या गावात महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः आले. बैलगाडीतून त्यांची मिरवणूक काढली होती, मुक्काम शाळेत होता, हे गावात आजही सांगतात.

वतन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. वतन म्हटलं की त्यांना जहागीर वाटते. जमिनीचा एवढासा तुकडा आणि बलुत्याची भाकरी, त्या बदल्यात अख्खं घर गावाचं आणि सरकारचं बांधील. सरकारी टपाल पोचव, साहेबाचं सामान वाहा, मेलेलं ढोर ओढ, मयताचा सांगावा घेऊन रातोरात दुसऱ्या गावाला पळ. वेळेला हद्द नाही. बाप घरी नसेल तर पोरानं जायचं. १८७४ च्या मुंबई कायद्यानं या गुलामीला कागदी रूप दिलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. आणि परिषदेचं नाव पुन्हा एकदा वाचा. महार-मांग. दोन्ही समाज एका मांडवात. आज आपसांत फूट पाडणाऱ्यांच्या मागं धावणाऱ्या तरुणांनी ८० वर्षांपूर्वीच्या त्या मांडवाकडे जरा बघावं.

माझे आजोबा त्या परिषदेला गेले होते. आमचं गाव तिथून तीन-चार कोसांवर. आजी सांगायची, "रात्रीच निघालं समदे, भाकरी बांधून घेतल्या. लाखभर माणूस आलं हुतं. तुझा आजा तिकडून आला आन् येसकराची काठी कोपऱ्यात उभी केली. म्हनला, आता ह्या घरातलं कुनी ही धरायचं न्हाई." मग वर्षभर गावानं बलुतं दिलं नाही. आजीनं आणि आजोबांनी परमुलखात मजुरी केली. काठी पुढं चुलीत गेली.

लाखभर माणूस? आजीला शंभरच्या पुढचे आकडे मोजता येत नव्हते. तो आकडा मी आकडा म्हणून कुठंही लिहिणार नाही. आजोबांनी काठी परिषदेहून आल्याच दिवशी टाकली की महिन्यानं, तेही मला सिद्ध करता येणार नाही. पण आजीनं हे सांगितलं, मी कानानं ऐकलं, आणि काठी आमच्या घरातून गेली, एवढं मी साक्षीनं सांगू शकतो. तसंच मी पोरांना सांगितलं. आजीचं बोलणं आजीचं म्हणून, कायद्याचं साल कायद्याचं म्हणून.

मित्रांनो, माझी विनंती साधी आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक जाडजूड वही ठेवा. इटली, जपान, श्रीलंका सगळं शिकवा, जग कळलंच पाहिजे. पण दर आठवड्याला प्रत्येक पोरानं आपल्या गावाची, तालुक्याची एक माहिती आणून त्या वहीत लिहावी. चार रकाने करा. काय घडलं? कधी? कुणी केलं? आणि कशावरून म्हणता? शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले तरी चालतील, पण ते रिकामे आहेत हे दिसलं पाहिजे. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडं जा. माझ्या आईला मी खडीच्या रस्त्याबद्दल नीट विचारायचं ठरवत राहिलो आणि ती गेली. कोणत्या गावापासून कोणत्या गावापर्यंतची खडी तिनं फोडली, ते मला आता कधीच कळणार नाही.

आमच्या वहीत पहिली नोंद तगरच्या कापडाची आहे. 'कुणी केलं' या रकान्यात त्या मुलीनं लिहिलंय, "विणकर. नाव सापडलं नाही. शोध चालू." त्याच पानावर तिनं दुसरी नोंद केलीय. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेली तिची आई, किती हंगाम, कोणत्या सालापासून. 'कशावरून' या रकान्यात लिहिलंय, "आईला विचारलं." आणि 'कुणी केलं' या रकान्यात आईचं पूर्ण नाव आहे, तिच्या माहेरच्या आडनावासकट.

ते नाव मी इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. पण वहीत ते शाईनं लिहिलेलं आहे.

जय भीम!